एकच पाच

आमच्याकडे पाचाला म्हणतात हा.
तीन पाच शेजारी बसवले की झालं हसू, हा हा हा.
हे मला मुलीनं सांगितलं, जेवताना,
फोनमधून मान वर न काढता.
तिचं नाव खाओफांग, म्हणजे ज्वारी.
तिची आई तैवानला कारखान्यात सर्किटं जोडते,
मी लाम्पांगला वाडग्यांवर कोंबडे काढतो,
दिवसाला तीनशे.
एका कोंबड्याला अकरा फटकारे,
त्यातले शेपटीचे शेवटचे तीन काळे.

मी चौथीपर्यंत शिकलो.
'खरं' या अर्थाच्या आमच्या शब्दात एक र असतो,
लिहायचा, पण बोलायचा नाही.
ज्रिंग लिहा, जिंग म्हणा.
का, असं विचारलं तेव्हा
मास्तरांनी उत्तर छडीनं दिलं.
तो र पाठीवर उठला आणि पक्का झाला.

खाओफांगनं तो केव्हाच टाकून दिलाय.
जिंग, जिंग, दिवसभर जिंग,
लाडात आली की शेपूट ताणून जिंगगगग.
तिला कुणी मारत नाही.
मला आधी राग आला, मग हेवा वाटला.
हेवा जास्त दिवस टिकला.

मे महिन्यात ती चिआंग माईला वसतिगृहात गेली.
आता घरी तिचे नुसते पाच येतात.
मी ते मोजतो. फटकारे मोजायची सवय, दुसरं काय.
पोट धरून हसली की आठ-नऊ,
माझ्या जुन्या विनोदाला तीन,
पाहुण्यापुढे ठेवल्यासारखे नीटनेटके.
एकदा आलं ५५५+
अर्धा दिवस मी बेरीज शोधत बसलो.
भट्टीवरचा पोरगा म्हणाला,
मामा, अधिक म्हणजे अजून हसतेय,
लिहायला सवड नाही.

मंगळवारी दुपारी, शेपटीला हात घालणार तेवढ्यात:
"जिंग, काही झालेलं नाही. ५"

एकच.
एकच हा करून कुणी हसतं का?
एकटा हा म्हणजे
पाण्याचा हंडा खाली ठेवताना
तोंडातून निघतो, तो आवाज.
माझी पाचावर धारण बसली.

ओला कोंबडा तसाच लांडा सोडून
खुन तानच्या घाटातून स्कूटर हाणली.
पेट्रोल भरताना विचारायला गेलो, काय झालं?
अंगठ्यांवर मातीचे पापुद्रे, काच ओळखच देईना.
कसंबसं "येतोय" गेलं,
तेही मात्रा चुकवून.

बराच वेळ काही नाही.
मग घाटमाथ्यावर, जिथं रेंजची एक काडी उभी राहते,
खिशात थरथर.

"बाबा, मला इथं एकटं वाटतं. ज्रिंग."

र होता त्यात.
स्कूटर कडेला घेतली, चष्मा शर्टाला पुसला,
पुन्हा पाहिलं. होता.
कुणी मागितला नव्हता, ऐकू तर येतच नाही,
तरी पोरीनं तो शोधून
जागच्या जागी ठेवला होता.
मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला.
मी तिथंच उभा.

फाटकाशी ती घरातल्या चपला घालून आली.
आम्ही खाओ सोयचे दोन दोन वाडगे खाल्ले.
काय बोलली ते इथं सांगत नाही, ते तिचं आहे.
दोन दिवस घरी राहिली, झोपली,
मग आपणहूनच बॅग भरली.

तो लांडा कोंबडा मधल्या गडबडीत
भट्टीत जाऊन भाजून आला.
त्याचा फोटो मी तिला पाठवला.
५५५५५५५
मोजले. सात.
मग मीही दाबले, चौदा की पंधरा,
बोट अडकलं होतं.

"बाबा, इतकं कुणी हसत नाही. जिंग."

र गायब.
मी ब्रश काळ्यात बुडवला.